सहा जणांची पावलं

मुलांनो, आधी एक काम करा. पायांतल्या चपला काढा आणि असाल तिथे दहा पावलं चाला. घाई नको. चालताना कान पायांकडे द्या. तुमची टाच आधी टेकते की चवडा? एक पाय दुसऱ्यापेक्षा थोडा जास्त रेंगाळतो का? आता आठवून बघा, शेजारच्या खोलीतून कुणी चालत आलं तर न बघताच तुम्हाला कळतं ना, की हे बाबा, ही ताई, हे आजोबा? कुणी शिकवलेलं नसतं, तरी कळतं.

आता अशी कल्पना करा, की हे जे तुम्हाला कळतं ते तुमच्या घराखालच्या जमिनीलाही कळतं. तुम्ही उंबऱ्याबाहेर पाय टाकलात की जमीन म्हणते, ही निघाली. ओढा ओलांडलात की म्हणते, ही पलीकडे गेली. आणि तुम्ही बरेच दिवस चाललाच नाहीत, तर ती तुमचं नाव यादीतून काढून टाकते.

ही गोष्ट अशा जमिनीवरची आहे. आजपासून सत्तर वर्षांनंतरची.

त्या काळात कातळवेढे नावाचा एक जिल्हा होता, त्याच्या मुख्य गावाचं नावही तेच. नकाशात तो उलट्या ठेवलेल्या सुपासारखा दिसे. वरचा भाग म्हणजे काळ्या दगडाचा उघडा माळ, पाऊस बेताचा, झाड क्वचित. मधून सरई नदी वाहायची, तिच्या दोन्ही काठांना कांदा आणि गहू. खाली दक्षिणेला हिरड्याचे डोंगर, आणि त्यांत दोन-दोन, तीन-तीन घरांच्या वाड्या. चार तालुके, चारशे बारा गावं. त्यांतली एकसष्ट बेचिराख, म्हणजे कागदावर गाव आहे, नकाशात ठिपका आहे, पण चूल एकही पेटत नाही.

हा सगळा भूगोल माळावरच्या कुरणवाडीच्या शाळेत काळोखे बाई शिकवायच्या. एकतीस वर्षं शिकवला. तिसरीला ‘आपला जिल्हा’ नावाचं पातळसं पुस्तक असे, पण बाई ते उघडायच्या आधी मुलांना अंगणात न्यायच्या. मातीचं सूप करायचं, माळाच्या जागी खडे रचायचे, नदीत तांब्याने पाणी सोडायचं, आणि शेवटी माणसं पेरायची. एक जोंधळ्याचा दाणा म्हणजे हजार माणसं. “नदीकाठाला मूठभर टाका, माळावर एखादा,” बाई सांगायच्या. लोकसंख्येची घनता हा अवघड शब्द मुलांना असा बोटांनी कळायचा. बाई नव्या होत्या तेव्हा पाचशे दाणे लागायचे. आता तीनशे लागत होते.

आणि तीनशे हीच सीमा होती. तीन लाखांहून कमी वस्तीचा जिल्हा ठेवायचा नाही, असा कायदा झाला होता. एकतीस मार्चला आकडा खाली असला, की जिल्हा शेजारच्या जिल्ह्यात विरघळवून टाकायचे. मग कचेरी, मोठा दवाखाना, एसटीचा डेपो, सगळं घाटापलीकडे एकशे साठ किलोमीटरवर जायचं. कातळवेढ्याच्या दवाखान्यात पोहोचता पोहोचताच माळावरच्या बायका वाटेत बाळंत व्हायच्या. घाटापलीकडची तर गोष्टच सोडा.

हा आकडा मोजायचं काम जमीन करायची. त्याला पाऊलगणना म्हणत. कशी, ते पुढे सांगतो, कारण ते समजावून देणारा माणूस फेब्रुवारीतल्या एका दुपारी कुरणवाडीच्या शाळेत येऊन उतरला होता.

त्यांचं नाव डॉ. यासीन मुजावर. पाऊलगणनेच्या कचेरीतले शास्त्रज्ञ, पन्नाशीचे, अंगाने स्थूल, बोलायला गोड. त्यांनी काळोखे बाईंच्या टेबलावर वहीएवढं यंत्र ठेवलं, पाण्याचा पेला रिकामा केला आणि घसा साफ करून विचारलं, “बाई, बकुळा दुधाळ नावाची मुलगी तुमच्या शाळेत होती?”

“होती काय म्हणता, आहे की. सहावीत आहे.”

“आहे?”

“ती काय, कळशी घेऊन येतेय फाटकातून.”

डॉक्टर खुर्चीतच सैल पडले. रुमालाने मान पुसत हसले. “फार बरं झालं. तुम्हाला काय सांगू, नव्वद दिवस पाऊल ऐकू आलं नाही की जमीन नाव काढते. मोठ्या माणसाचं असेल तर आम्ही नुसतं पत्र पाठवतो. पण पोराचं असेल तर स्वतः यावं लागतं. गेल्या वर्षी दुसऱ्या गावांत दोनदा गेलो असा. दोन्ही वेळा पोलिसांना विहिरीत उतरावं लागलं.”

“अगं बाई,” काळोखे बाई म्हणाल्या. त्यांनाही हायसं वाटलं. पोर डोळ्यांसमोर आहे, यंत्र चुकलंय, चहा टाकावा.

डॉक्टरांचं हसू मात्र यंत्राकडे बघता बघता थांबलं. अंगणातून बकुळा येत होती. अकरा वर्षांची, काटकुळी, डोक्यावर भरलेली कळशी. उजवा पाय टेकला की क्षणभर थांबायची, मग डावा ओढून घ्यायची. यंत्राच्या काचेवर ठिपके उमटत होते आणि ठिपक्यांशेजारी नाव येत होतं.

“हे बघा,” डॉक्टर म्हणाले. “अंगणात चालणारी व्यक्ती, यमुना दगडू दुधाळ. वय त्र्याहत्तर.”

यमुनाबाई म्हणजे बकुळाची आजी. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि हे बाईंना माहीत होतं. फार चांगलं माहीत होतं.

बकुळाने कळशी उतरवली आणि टेबलाशी येऊन उभी राहिली. तिला यंत्राची भीती वाटली नाही. “सायेब, ह्यात जमिनीचं ऐकू येतं?”

“येतं. तू विहिरीत वाकून कधी हाक मारली आहेस?”

“रोज मारते की.”

“मग काय होतं?”

“हाक परत येती.”

“आणि पाणी डुचमळत असलं तर?”

बकुळाने विचार केला. “येडीवाकडी येती.”

“शाबास. बास, एवढंच आहे. प्रत्येक रस्त्याखाली, पाणंदीखाली, बांधाखाली हातभर खोल एक काचेची तार पुरली आहे. केसाएवढी बारीक. तिला आम्ही श्रवणतार म्हणतो, म्हणजे ऐकणारी तार. कातळवेढ्याहून त्या तारेत आम्ही उजेडाची हाक मारतो, आणि तारेच्या ठिकठिकाणाहून थोडा थोडा उजेड परत येतो. तू चाललीस की माती थरथरते, मातीबरोबर तार थरथरते, आणि उजेड वेडावाकडा होऊन येतो. कुठून वेडावाकडा आला त्यावरून कळतं माणूस कुठे आहे. आणि कसा वेडावाकडा आला त्यावरून कळतं माणूस कोण आहे. प्रत्येकाच्या चालण्याचा ठेका वेगळा. त्या ठेक्याला आम्ही चालखूण म्हणतो.”

“पर मी तर आजीच्या निम्मीबी न्हाई. वजनावरनं कळंल की.”

काळोखे बाईंनी डोळे मिटले. पोर हुशार होतं, आणि हुशारीच्या भरात तिने सगळं सांगून टाकलं होतं.

डॉक्टर बकुळाकडे बघत राहिले. रागावले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, “वजन आम्ही मोजत नाही, बाळ. खेड्यात माणूस सकाळी रिकामा जातो आणि संध्याकाळी डोक्यावर भारा घेऊन येतो. वजन धरलं असतं तर जमिनीने एकाची दोन माणसं केली असती. म्हणून नुसता ठेका धरला. ठेका कुणाला उचलता येत नाही, असं आम्हाला वाटलं.” मग त्यांनी मान वळवली. “बाई, कुणाला येतो का उचलता?”

बाईंच्या आधी बकुळाच म्हणाली, “आमच्यात समद्यांनाच येतो. कोण-येतंय खेळतो न्हवं आमी.”

हा खेळ फक्त त्या माळावरचा. तिथे झाड नाही, आडोसा नाही. माणूस कोसभरावरून दिसायला लागतो, पण तोंड दिसत नाही. म्हणून तिथली माणसं एकमेकांना चालीवरून ओळखत. मेंढरं राखणारी पोरं तर जास्तच. एकाने गावातल्या कुणाची तरी चाल चालायची, बाकीच्यांनी ओळखायचं. जावयाची चाल, तलाठ्याची चाल, नव्या नवरीची चाल. हसून हसून पोटं दुखायची. मेलेल्या माणसाचीही चाल चालायचे, त्यात कुणाला वावगं वाटत नसे. दहाव्याच्या दिवशी एखादं पोर सहज उठून मेलेल्या आजोबांसारखं अंगणभर फिरे, आणि बायका रडता रडता हसत. काचेची तार आणि उजेडाची हाक जुळवणाऱ्या माणसांना हा खेळ ठाऊक नव्हता. ती शहरातली होती. शहरात माणसं एकमेकांना तोंडावरून ओळखतात.

“तू बाहेर जाऊन बस जरा,” बाई बकुळाला म्हणाल्या.

“बसू द्या तिला,” डॉक्टर म्हणाले. “विषय तिचाच आहे.”

मग बाईंना तिच्यासमोरच सांगावं लागलं.

सुरुवात वाईट नव्हती, हे त्यांनी दोनदा सांगितलं. बकुळाचे आईबाप मेंढरं घेऊन आठ महिने घाटाखाली असतात. पोर आजी-आजोबांजवळ. आजी गेली आणि दगडूआबांना जेवण जाईना. त्यांना मोतीबिंदू, दिसत काही नाही, नुसतं ऐकू येतं. मग एका सकाळी या नऊ वर्षांच्या पोरीने चुलीपासून पाणवठ्यापर्यंत आजीची चाल चालून दाखवली. आबा भिंतीला टेकून बसले होते. म्हणाले, “यमुने, जरा हळू.” आणि त्या दिवशी भाकरी खाल्ली. मग ती रोजच चालू लागली.

“मला काही ठाऊक नव्हतं,” बाई म्हणाल्या. “शाळेच्या भिंतीवर गावाचा आणि जिल्ह्याचा आकडा लागतो ना, रोज बदलतो. मी रोज मुलांकडून वाचून घेते. यमुनाबाई जाऊन तीन महिने झाले, गावाच्या आकड्यातून त्यांचा एक कमी व्हायला हवा होता. झाला नाही. मी विचार केला आणि माझ्या लक्षात आलं.”

“मग तुम्ही कळवलं नाहीत.”

“त्या वर्षी आकडा बरोबर तीन लाख होता, डॉक्टर. एकही वर नाही.”

डॉक्टरांनी मान हलवली.

“मेलेल्याची नोंद कागदावर करायची सोय तुम्हीच काढून टाकलीत,” बाईंचा आवाज जरा चढला. “म्हणालात, कागदावर लोक खोटं लिहितात, जमीन खोटं बोलणार नाही.”

“म्हणालो होतो. पुढे?”

पुढचं सांगताना बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. पुढे धोंडिबा न्हावी गेला. मग नानी तांबोळीण. दोन वर्षांत सहा माणसं गेली. प्रत्येक वेळी बाई घरच्यांकडे जायच्या, पाया पडायच्या म्हणा ना, सांगायच्या, दवाखान्यासाठी करतोय. कुणी नाही म्हटलं नाही. खेळ सगळ्या पोरांना यायचा, पण हुबेहूब चालायची ती एकटी बकुळा. धोंडिबाचा गुडघा वाकत नसे, नानी पावलं मोजल्यासारखी टाकायची, ते तिला एकदा आठवून दिलं की पुरे.

“पण सहा माणसं रोज चालायला हवीत,” डॉक्टर म्हणाले. “रोज निदान पाचशे पावलं. नाहीतर यंत्राला शंका येते. एवढं एका पोरीने कसं जमवलं?”

बाई उठल्या. कपाटातून एक घडी घातलेला कागद काढून त्यांनी टेबलावर ठेवला. जाड अक्षरांत, पट्टीने रेघा मारून, जसं वर्गाचं असतं तसं ते वेळापत्रक होतं. सकाळी सहा ते सात आणि पुढे दिवसभर पाणी आणताना, यमुनाबाई. सात ते आठ, शेण-गोवऱ्या, सखूमावशी. शाळेची वाट, धोंडिबा. मधली सुट्टी, नानी. शाळा सुटल्यावर दुकानापर्यंत महादू गवळी, तिथून घरापर्यंत त्याची म्हातारी.

डॉक्टरांनी कागद वरपासून खालपर्यंत वाचला. मग पुन्हा वाचला.

“बाई, यात बकुळाचा तास कुठे आहे?”

बाईंनी कागद आपल्याकडे ओढला. त्यांनी हा कागद स्वतः आखला होता, तीनदा सुधारला होता. दवाखान्याचा आकडा जुळत होता, पावलांची बेरीज जुळत होती. चाळीस मुलांच्या वर्गात एखाद्या मुलाची हजेरी घ्यायची राहिली तर त्यांना रात्री झोप लागत नसे. आणि इथे सहा रकाने होते. सातवा नव्हता. त्यांच्या ते ध्यानातच आलं नव्हतं.

“रात्री घरात चालते की ती,” त्या कशाबशा म्हणाल्या.

“चालते. ते यंत्राला ऐकू येतं. पण ते एका माणसाचं चालणं नसतं. दोन पावलं नानीची, एक धोंडिबाचं, मग आजीचं अर्धं. अशा मिसळीला यंत्र नाव देत नाही. गोंगाट म्हणून टाकून देतं.” डॉक्टरांनी यंत्रावर बोट फिरवलं. “एकोणीस नोव्हेंबरनंतर बकुळा दुधाळची चालखूण या जिल्ह्यात एकदाही उमटलेली नाही.”

बकुळा ऐकत होती. तिने आपल्या पायांकडे बघितलं. एक पाय उचलला आणि परत ठेवला.

डॉक्टरांनी पिशवीतून फॉर्म काढला. “यात तीन रकाने आहेत. मृत, स्थलांतरित, हजर. मुख्याध्यापकांनी, म्हणजे तुम्ही, एकावर खूण करून सही करायची. हजर लिहायचं तर यंत्राला ती का सापडली नाही तेही खाली लिहावं लागतं. म्हणजे सहा नावं लिहावी लागतील. कायद्याने शिक्षा तुम्हाला होईल, ती वेगळी. ते सगळं तुम्हाला ठाऊक असेलच.”

भिंतीवरचा जिल्ह्याचा आकडा त्या दिवशी तीन लाख तीन होता. त्यातून सहा वजा केले आणि बकुळा मिळवली, की दोन लाख नव्व्याण्णव हजार नऊशे अठ्ठ्याण्णव. तुम्हीही करून बघा. दोन कमी. एकतीस मार्चला सहा आठवडे होते, आणि जिल्ह्यात जितकी पोरं जन्मत तितकीच माणसं मरत किंवा सोडून जात, त्यामुळे ते दोन भरून निघणार नव्हते.

बाईंनी पेन उघडलं.

मधल्या रकान्यावर खूण केली तर काय होईल, हे त्यांच्या मनात आलं. आईबापांबरोबर घाटाखाली गेली, एवढंच. डॉक्टर काही बोलणार नाहीत असं त्यांना वाटलं, त्यांचा चेहरा तसा होता. दवाखाना राहील. माळावरच्या बायका राहतील. पोर इथेच असेल, नुसतं यादीत नसेल. यादीत नसलेल्या पोराला परीक्षेला बसता येत नाही, लस मिळत नाही, आजारी पडलं तर त्याच दवाखान्यात केसपेपर निघत नाही. पण ते काय, एखाद वर्ष. पुढच्या वर्षी बघू काहीतरी. पेन मधल्या रकान्यापाशी थांबलं.

फार वेळ नाही. पाच-सहा श्वास.

बकुळा टेबलाच्या पलीकडे उभी होती. तिला अक्षरं उलटी दिसत होती, पण उलटी वाचायला तिला याच बाईंनी शिकवलं होतं. गंमत म्हणून, पावसाळ्यात कधीतरी.

“बाई,” तिने विचारलं, “मी कुठं गेलेय?”

बाईंनी पेन झटकन बाजूला घेतलं. शेवटच्या रकान्यात खूण केली, खाली एकेक करून सहा नावं लिहिली, सही केली. अक्षर नेहमीसारखंच आलं. पण ते पाच-सहा श्वास झाले होते. पोरीने ते मोजले होते. बाईंना मान वर करवेना. एकतीस वर्षांत त्यांनी कितीतरी मुलांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं होतं. आता कुणीतरी आपल्याला तसं उभं करावं, असं त्यांना वाटलं.

“दवाखान्यासाठीच केलंत ना?” डॉक्टरांनी विचारलं. त्यांना बहुतेक धीर द्यायचा होता.

“हो,” बाई म्हणाल्या. आणि म्हटल्याबरोबर त्यांना कळलं, की हे पुरतं खरं नाही. जिल्हा गेला असता तर ‘आपला जिल्हा’ हे पुस्तक गेलं असतं. मग अंगणातलं मातीचं सूप कुठल्या नावाने करायचं होतं? ते सूप त्यांना फार आवडायचं. पण हे त्या बोलल्या नाहीत.

डॉक्टरांनी फॉर्म घडी करून ठेवला. “आता हिची नोंद नव्याने करू. सोपं आहे. बकुळा, तू फक्त या दारापासून फाटकापर्यंत चाल. तुझ्यासारखी. मी यंत्राला सांगतो, ही बकुळा. झालं.”

बकुळा दाराशी गेली. वर्ग सुटले होते, मुलं भिंतीला लागून बघत होती. तिने पाऊल टाकलं.

“नानी तांबोळीण,” भिंतीजवळचं एक पोर म्हणालं. ते चेष्टा करत नव्हतं, खेळात ओळखतात तसं सहज म्हणालं.

ती परत फिरली. पुन्हा निघाली.

“धोंडिबा.”

“तू गप रे,” डॉक्टर म्हणाले.

तिसऱ्यांदा ती चार पावलं गेली आणि मधेच उभी राहिली. तिने वळून बघितलं. “बाई, मी कशी चालायचे?”

काळोखे बाई माळावरच्याच. गावातला प्रत्येक माणूस त्यांना कोसभरावरून ओळखता येई, तीस वर्षांपूर्वी शिकून गेलेली मुलंही. त्यांनी डोळे मिटून नऊ वर्षांची बकुळा आठवायचा प्रयत्न केला. दप्तर आठवलं. नाकातला चमकीचा खडा आठवला. पाय आठवेनात. गेली दोन वर्षं त्या या पोरीच्या पायांकडे रोज बघत होत्या, पण आजी नीट जमली का, नानी नीट जमली का, एवढंच बघत होत्या.

“मला नाही आठवत गं,” त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी यंत्र पुढे केलं. “यात आहे. जमीन विसरत नाही. नोव्हेंबरपर्यंतच्या खुणा तुटक आहेत, पण हे बघ, दोन वर्षांपूर्वीची तुझी अख्खी चालखूण.” काचेवर ठिपक्यांची रांग उमटली. दोन जवळ, एक लांब, दोन जवळ, एक लांब. मधे मधे एक उडी.

बकुळा बराच वेळ त्या ठिपक्यांवर वाकून राहिली. तिचे ओठ हलत होते, ठेका धरत होते. “बारकी पोर हाय ही,” ती म्हणाली. “मधेच उडी मारती.”

“तूच आहेस ती.”

“मग हीबी शिकू?”

शिकली असती ती. एका दुपारात हुबेहूब शिकली असती, आणि यंत्राने नावही बरोबर दिलं असतं. पण तिचे पाय तेव्हापासून चार बोटं वाढले होते. ते चालणं आता कुणाचंच नव्हतं. ती सातवी नक्कल झाली असती. हे सांगायला त्यांच्याजवळ सोपे शब्द नव्हते, म्हणून ते नुसते म्हणाले, “नको. ते नको शिकूस.”

“मग कसं करू?”

आपल्यासारखं कसं चालायचं, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. काळोखे बाईंनाही ते शिकवता येणार नव्हतं, आणि एखादी गोष्ट शिकवता येत नाही अशी त्यांच्यावर पहिल्यांदाच वेळ आली होती.

मग बकुळाने काय केलं, ते ऐका.

ती खाली बसली. दोन्ही तळहात मातीवर टेकले, गुडघे टेकले, आणि अगदी पहिल्यापासून, तान्ह्या पोरासारखी रांगायला लागली. अकरा वर्षांची पोर, परकर गुडघ्यांत अडकत होता, वेण्या मातीत लोळत होत्या. भिंतीजवळची मुलं आधी हसली, मग थांबली. यंत्रावर नवी नोंद उमटली, अनोळखी मूल, वय अंदाजे दहा महिने. डॉक्टरांनी यंत्र पालथं घातलं.

ती रांगत रांगत वर्गाच्या भिंतीपर्यंत गेली. भिंतीला धरून उठायला लागली. काळोखे बाई न कळत पुढे झाल्या आणि लहान मुलापुढे धरतात तसं त्यांनी आपलं एक बोट तिच्यापुढे धरलं. बकुळाने ते बघितलं. धरलं नाही. बाईंनी बोट हळूच मागे घेतलं आणि पदरात लपवलं.

ती भिंतीच्या आधाराने उभी राहिली. उजवा आधी टाकावा की डावा, हे तिला खरोखरच ठाऊक नव्हतं. मग तिने भिंत सोडली.